कंसातला क्रम : पायथॉनमध्ये डिफॉल्ट पॅरामीटर कुठे ठेवायचा आणि का

फंक्शन लिहिलं, फाइल सेव्ह केली, रन केली, आणि पायथॉनने एकही ओळ न चालवता सिंटॅक्स एरर दिली : डिफॉल्ट असलेल्या पॅरामीटरनंतर डिफॉल्ट नसलेला पॅरामीटर आला आहे. अशा वेळी बहुतेक जण दोन नावांची अदलाबदल करतात, एरर जाते आणि काम पुढे सरकतं. एरर घालवायला तेवढं पुरतं. पण ते फंक्शन आधीपासून दहा ठिकाणी वापरात असेल, तर त्या अदलाबदलीने दहाही ठिकाणचा अर्थ बदलू शकतो, आणि त्याबद्दल पायथॉन अवाक्षर काढत नाही. एरर दिसते म्हणून निस्तरता येते. खरा धोका तिच्यावर घाईने केलेल्या इलाजात आहे.

मुदत ठेवीवरचं चक्रवाढ व्याज काढणारं एक फंक्शन घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याच सोबत राहू.

    डेफ चक्रवाढ(मुद्दल, दर, मुदत=1, वर्षातून=1):
        रक्कम = मुद्दल * (1 + दर / (100 * वर्षातून)) ** (मुदत * वर्षातून)
        रिटर्न रक्कम - मुद्दल

'डेफ', 'रिटर्न', 'नन' यांसारखे पायथॉनचे स्वतःचे शब्द टंकताना रोमन लिपीतच लिहावे लागतात आणि कोडमधले आकडेही इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात. फंक्शनचं आणि पॅरामीटरचं नाव मात्र देवनागरीत चालतं. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथॉन ३.० पासून ही सोय आहे. तेव्हा वरच्या तीन ओळींत 'डेफ' आणि 'रिटर्न' रोमनमध्ये केले की हे फंक्शन जसंच्या तसं चालेल. करून पाहा, कारण पुढचे सगळे आकडे त्यातूनच आले आहेत.

'वर्षातून' म्हणजे व्याज वर्षातून किती वेळा मुद्दलात मिळवायचं. आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवर सहसा तिमाही चक्रवाढ देतात, म्हणजे तिथे ४. दहा हजार रुपये, आठ टक्के, तीन वर्षं : वार्षिक चक्रवाढीने २,५९७ रुपये १२ पैसे व्याज येतं, तिमाहीने २,६८२ रुपये ४२ पैसे.

आता नियमाचं कारण पाहू. चक्रवाढ(10000, 8) असं नुसत्या किमती देऊन कॉल केलं की पायथॉन त्या डावीकडून एकेक करून वाटत जातो : पहिली मुद्दलाला, दुसरी दराला. किमती संपल्या की उरलेल्या पॅरामीटरना डिफॉल्ट मिळतात. समजा, मुदतीचं डिफॉल्ट ठेवून ती दराच्या आधी बसवता आली असती : चक्रवाढ(मुद्दल, मुदत=1, दर). मग चक्रवाढ(10000, 8) मधला आठ कुणाचा? दर द्यावाच लागतो म्हणून दराचा, की जागेने दुसरा आहे म्हणून मुदतीचा? दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. अशा अंदाजाच्या भानगडीत पायथॉन पडतच नाही. तो अशी रचनाच नाकारतो, आणि तीही कोड चालण्याआधी.

यामागची यंत्रणा डोळ्यांनी पाहता येते. डिफॉल्ट असलेल्या अशा प्रत्येक फंक्शनजवळ '__डिफॉल्ट्स__' नावाचा एक टपल असतो. आपल्या चक्रवाढचा टपल आहे (1, 1). त्यात फक्त किमती आहेत, कुणाची कोणती याचा उल्लेख नाही. चार पॅरामीटर आणि दोन डिफॉल्ट, म्हणजे ते शेवटच्या दोघांचे, असा उजवीकडून मोजलेला हिशेब. डिफॉल्टवाले सगळे उजव्या टोकाला सलग असतील तरच हा हिशेब जुळतो.

सगळ्या भाषांनी हाच मार्ग धरलेला नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून पहिल्याच पॅरामीटरला डिफॉल्ट देता येतं, पण ते वापरायचं असेल तर कॉल करताना त्या जागी 'अनडिफाइन्ड' लिहावं लागतं. पीएचपीने असली रचना अनेक वर्षं चालू दिली आणि ८.० मध्ये ती कालबाह्य ठरवली. माझ्या मते पायथॉनचा कडकपणा योग्य आहे. डिफॉल्ट असूनही जागा भरावीच लागत असेल, तर त्या डिफॉल्टचा उपयोग काय?

पायथॉनमध्येच या नियमाला बगल देणारं एक फंक्शन तुम्ही पहिल्या आठवड्यात वापरलेलं असतं : रेंज. रेंज(5) मधला पाच म्हणजे शेवट, आणि रेंज(2, 5) मधला दोन म्हणजे सुरुवात. ऐच्छिक गोष्ट पहिली आणि आवश्यक गोष्ट दुसरी, म्हणजे नियमाच्या बरोबर उलट. हे जमतं, कारण रेंज सी भाषेत लिहिलेलं आहे आणि आपल्याला किती आर्ग्युमेंट मिळाली ते आधी मोजून ते अर्थ ठरवतं. रेंजच्या बाबतीत ही सवलत शोभते, कारण ते जगभरातल्या प्रत्येक पायथॉनकाराला पाठ आहे. आपल्या ऑफिसातलं फंक्शन कुणाला पाठ नसतं. तिथे ही नक्कल करू नये.

नियम इथे संपतो, आणि नियमाने न सांगितलेला भाग सुरू होतो. तोच जास्त महत्त्वाचा. डिफॉल्टवाल्यांचा आपापसातला क्रम काय असावा, याबद्दल पायथॉनचं काही म्हणणं नाही. 'वर्षातून' आधी आणि 'मुदत' नंतर ठेवली तरी त्याची हरकत नाही. समजा, कुणीतरी 'असं वाचायला बरं' म्हणून ही अदलाबदल केली :

    डेफ चक्रवाढ(मुद्दल, दर, वर्षातून=1, मुदत=1):

जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी चक्रवाढ(10000, 8, 3) असे कॉल आहेत. तिथला तीन आता मुदत राहिला नाही. 'वर्षातून तीनदा' असा त्याचा अर्थ झाला, आणि मुदत डिफॉल्टने एक वर्ष. उत्तर येतं ८२१ रुपये ५२ पैसे. एरर नाही, सूचना नाही. ठेवीदाराला २,५९७ ऐवजी ८२१ चा आकडा दिसतो.

हा फरक निदान डोळ्यांत भरतो. न भरणारा फरक जास्त वाईट. कुणी दर आणि मुदत यांची जागा चुकवून चक्रवाढ(10000, 3, 8) लिहिलं, तर तीन टक्क्यांनी आठ वर्षांचं व्याज निघतं : २,६६७ रुपये ७० पैसे. खऱ्या उत्तरापेक्षा जेमतेम सत्तर रुपये जास्त. पडद्यावर नजर टाकणाऱ्याला शंकाही येणार नाही. फंक्शन सरळव्याजाचं असतं तर गुणाकारच असल्यामुळे दोन्ही क्रमांनी एकच उत्तर आलं असतं, आणि चाचण्या खुशाल पास झाल्या असत्या. एकाच जातीचे आकडे शेजारी शेजारी नुसत्या जागेच्या भरवशावर उभे असले की असं होतं.

म्हणून क्रम ठरवताना मी एकच कसोटी लावते : हा कॉल सहा महिन्यांनी, फंक्शन न उघडता वाचणाऱ्याला नुसत्या किमतीवरून अर्थ कळेल का? कळेल, तर तिला नावाशिवाय येऊ द्यावं. शंका असेल, तर नाव घेऊनच यायला लावावं. बहुतेक फंक्शनांत नावाशिवाय शोभणारी आर्ग्युमेंट एक किंवा दोनच असतात.

नावाची सक्ती करण्याची सोय पायथॉनमध्ये आहे, आणि ती शिकलेले लोकही पुरेशी वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. कंसात एक सुटा तारा टाकायचा :

    डेफ चक्रवाढ(मुद्दल, *, दर, मुदत=1, वर्षातून=1):

ताऱ्याच्या उजवीकडचं सगळं आता नावानेच द्यावं लागतं. चक्रवाढ(10000, दर=8, मुदत=3) चालेल. चक्रवाढ(10000, मुदत=3, दर=8) लिहिलं तरी तेच उत्तर येईल. आणि चक्रवाढ(10000, 8, 3) म्हटलं की लगेच टाइप एरर. दर-मुदतीची ती सत्तर रुपयांची चूक आता नकळत होऊच शकत नाही.

गमतीचा भाग असा की ताऱ्यापलीकडे डिफॉल्टच्या क्रमाचा नियम लागूच नाही. तिथे डिफॉल्टवाला आधी आणि बिनडिफॉल्टचा नंतर, असं बिनदिक्कत लिहावं :

    डेफ चक्रवाढ(मुद्दल, *, मुदत=1, दर, वर्षातून=1):

एरर येणार नाही. कारण पुन्हा यंत्रणेतच आहे. ताऱ्यानंतरची डिफॉल्ट वेगळ्या ठिकाणी, '__केडब्ल्यूडिफॉल्ट्स__' या डिक्शनरीत राहतात, आणि डिक्शनरीत प्रत्येक किमतीसोबत तिच्या मालकाचं नाव असतं. नाव असल्यावर उजवीकडून मोजण्याची गरज उरत नाही. ही सोयसुद्धा पायथॉन ३.० सोबतच आली, 'पेप ३१०२' या प्रस्तावातून.

तुम्ही रोज वापरता तो प्रिंट याचा उत्तम नमुना आहे. त्याच्या कंसात सुरुवातीलाच ताऱ्याचा पॅरामीटर आहे. तो छापायच्या सगळ्या गोष्टी गोळा करतो, आणि त्याच्यापुढचे सेप, एंड, फाइल हे नावानेच द्यावे लागतात. पुढे ३.३ आवृत्तीत 'फ्लश' नावाचा नवा पॅरामीटर आला तेव्हा कुणाचाही जुना कोड मोडला नाही. सॉर्टेडचंही तसंच : 'की' आणि 'रिव्हर्स' नावाशिवाय देताच येत नाहीत.

उलट ओपन पाहा. त्यात आठ पॅरामीटर आहेत, पहिला सोडून सगळे डिफॉल्टवाले, आणि तारा कुठेच नाही. मराठी मजकुराची फाइल विंडोजवर उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर अक्षरांचा चुथडा होतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. एन्कोडिंग चौथ्या जागेवर आहे. नावाशिवाय द्यायचं तर

    ओपन("ठेवी.सीएसव्ही", "आर", -1, "यूटीएफ-8")

असं लिहावं लागतं, आणि मधल्या उणे एकचा अर्थ शोधायला कागदपत्रं उघडावी लागतात. नाव घेतलं की

    ओपन("ठेवी.सीएसव्ही", एन्कोडिंग="यूटीएफ-8")

एवढ्यावर भागतं. फंक्शन लिहिणाऱ्याने सक्ती केली नसली, तरी कॉल करणाऱ्याने स्वतःहून नाव घ्यायला कोणी अडवत नाही. दुसऱ्याच्या लायब्ररीतलं फंक्शन वापरताना तिसऱ्या आर्ग्युमेंटपासून पुढे नाव घ्यायची सवय लावून घ्या. कॉल करताना एक पथ्य मात्र आहे : नावानिशी आर्ग्युमेंट एकदा दिलं की त्यानंतर बिननावाचं देता येत नाही. चक्रवाढ(मुद्दल=10000, 8) ही सिंटॅक्स एरर आहे.

आता ज्या प्रसंगामुळे ही एरर खऱ्या कामात सर्वांत जास्त भेटते, त्याच्याकडे वळू. चालू असलेल्या फंक्शनला नवा आवश्यक पॅरामीटर जोडायचा आहे. समजा, व्याजासोबत ठेव कधी पिकते तेही आता सांगायचं आहे, त्यासाठी ठेव ठेवल्याची तारीख लागेल, आणि ती दिल्याशिवाय फंक्शन चालताच कामा नये. आपण आपल्या मूळच्या, तारा नसलेल्या रूपाकडे जाऊ. तारीख शेवटी लिहिली की एरर. मग काय करायचं?

पहिला मोह म्हणजे तिला दराच्या मागे, डिफॉल्टवाल्यांच्या आधी सरकवायचं : (मुद्दल, दर, तारीख, मुदत=1, वर्षातून=1). एरर गेली. पण चक्रवाढ(10000, 8, 3) मधला तीन आता तारीख झाला. पायथॉन तो निमूट स्वीकारेल आणि पुढे कुठेतरी, तारखेत दिवस मिळवायच्या ओळीवर, भलत्याच संदेशाने कोसळेल.

दुसरा मोह म्हणजे तारखेला लुटुपुटीचं डिफॉल्ट द्यायचं : तारीख=नन. एरर याही वेळी जाते, जुने कॉलही चालतात, पण आवश्यक गोष्ट ऐच्छिक असल्याचं खोटं कंसात लिहिलं जातं. ज्याला तारीख द्यायची आठवण राहिली नाही, त्याला ते कोणी सांगणार नाही.

तिसरा मोह सर्वांत गोंडस दिसतो : तारीख=आज(), म्हणजे आजची तारीख देणारं फंक्शन डिफॉल्टच्या जागी. दिली नाही तर आजची धरावी, किती छान! पण पायथॉनमध्ये डिफॉल्टची किंमत फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच काढली जाते, दर कॉलला नाही. सर्व्हर सोमवारी सुरू केला आणि आठवडाभर बंद झाला नाही, तर शुक्रवारी ठेवलेल्या ठेवीवरही सोमवारचीच तारीख पडेल. स्वतःच्या संगणकावर तपासताना ही चूक सापडत नाही, कारण तिथे आपण दर पाच मिनिटांनी प्रोग्राम नव्याने सुरू करत असतो. डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी देण्यातला प्रसिद्ध घोटाळाही याच मुळाचा आहे : तीच एक यादी सगळ्या कॉलना वाटली जाते आणि पहिल्याने टाकलेलं दुसऱ्याला दिसतं. आजची तारीख खरोखरच ऐच्छिक डिफॉल्ट म्हणून हवी असेल, तर कंसात नन ठेवा आणि फंक्शनच्या आत, 'नन असेल तर आजची' अशी ओळ लिहा. रफ हे तपासणीचं साधन वापरत असाल, तर त्यात बी००६ आणि बी००८ हे दोन नियम चालू करा. पहिला डिफॉल्टमधली यादी पकडतो, दुसरा डिफॉल्टमधला फंक्शन-कॉल.

आपली तारीख मात्र आवश्यकच आहे. तिची जागा ताऱ्यापलीकडे :

    डेफ चक्रवाढ(मुद्दल, दर, मुदत=1, वर्षातून=1, *, तारीख):

डाव्या चौघांचा क्रम हलला नाही, त्यामुळे कुठल्याही जुन्या आकड्याचा अर्थ बदलला नाही. आणि ज्या कॉलमध्ये तारीख नाही, तो लगेच, स्वच्छ शब्दांत थांबतो : तारीख हे नावाने द्यायचं आवश्यक आर्ग्युमेंट मिळालं नाही. जिथे दुरुस्ती हवी तिथेच बोट ठेवलं जातं.

हो किंवा नाही अशा उत्तराचे पॅरामीटर तर नेहमीच ताऱ्यापलीकडे असावेत. बहुतेक बँका ज्येष्ठ नागरिकांना साधारण अर्धा टक्का जास्त दर देतात, म्हणून कुणी 'ज्येष्ठ' असा पॅरामीटर जोडेल. चक्रवाढ(10000, 8, 3, 4, ट्रू) मधलं 'ट्रू' कशाबद्दल आहे, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येणार नाही. ज्येष्ठ=ट्रू वाचायला क्षणभरही थांबावं लागत नाही.

ताऱ्याचा जोडीदार म्हणजे तिरकी रेघ, '/'. ती ३.८ आवृत्तीत, २०१९ मध्ये आली. तिच्या डावीकडचे पॅरामीटर फक्त जागेनेच देता येतात, नावाने नाही. ती कमी वेळा लागते. पण एक लक्षात घ्या : नाव घेऊन कॉल करू दिलं की ते नाव तुमच्या हातून सुटलं. उद्या 'मुद्दल' बदलून 'मूळ_रक्कम' करायचं ठरवलं, तर मुद्दल=10000 लिहिणारे सगळे अडकतात. नाव बदलण्याचं स्वातंत्र्य राखायचं असेल तर त्या पॅरामीटरनंतर तिरकी रेघ टाका. डिफॉल्ट उजवीकडे सलग असण्याचा नियम रेघ ओलांडूनही लागू राहतो. तो थांबतो ताऱ्यापाशीच.

हीच एरर जिथे अनपेक्षितपणे गाठते ती जागा म्हणजे डेटाक्लास. ३.७ मध्ये आलेली ही सोय क्लासमध्ये लिहिलेल्या फील्डवरून इनिट फंक्शन स्वतः तयार करते, आणि त्यात मूळ क्लासची फील्ड आधी, वारस क्लासची नंतर. 'ठेव' या क्लासमध्ये मुद्दल, दर आणि मुदत=1 आहे. त्यावरून 'आवर्ती_ठेव' काढली आणि तिला 'मासिक_हप्ता' हे बिनडिफॉल्टचं फील्ड दिलं, की ते मुदतीच्या मागे येतं आणि टाइप एरर येते. दोन्ही क्लास वेगवेगळे पाहिले तर कुठेच चूक दिसत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. अनेक जण मग हप्त्याला शून्य डिफॉल्ट देऊन टाकतात, आणि शून्य हप्त्याची आवर्ती ठेव तयार होऊ लागते. ३.१० पासून याला सरळ उपाय आहे : वारस क्लासच्या डेटाक्लास डेकोरेटरला केडब्ल्यू_ओन्ली=ट्रू द्या. त्याची फील्ड इनिटमध्ये ताऱ्यापलीकडे जातात आणि क्रमाचा प्रश्नच मिटतो.

राहिला जुना कोड. ज्या फंक्शनला तारा नाही आणि जे शंभर ठिकाणांहून कॉल होतं, त्याला एका फटक्यात तारा लावला तर शंभर ठिकाणं एकदम मोडतील. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीपुढे हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर होता, कारण तिच्या अनेक क्लासना डझनभर पॅरामीटर. त्यांनी २०२० मधल्या ०.२३ आवृत्तीत बहुतेक पॅरामीटर नावाने देण्याचे ठरवले, पण जागेने देणाऱ्याला तेव्हा फक्त इशारा दिला. एरर सुरू झाली ती पुढच्या वर्षी आलेल्या १.० पासून. मधल्या काळात लोकांना आपापला कोड सुधारायला उसंत मिळाली.

ऑफिसातल्या कोडसाठी एवढा पसारा लागत नाही. आधी कॉल सुधारा, मग फंक्शन. फंक्शनच्या नावाने सगळ्या प्रकल्पात शोध घ्या आणि मुद्दल सोडून प्रत्येक आर्ग्युमेंटला नाव जोडत जा. या टप्प्यावर वागणूक काडीमात्र बदलत नाही, त्यामुळे हे काम फावल्या वेळात, थोडं थोडं करता येतं. सगळे कॉल संपले की तारा लावा आणि चाचण्या चालवा. जो कॉल राहून गेला असेल तो टाइप एररने स्वतःच पुढे येईल. पॅरामीटरचा क्रम बदलायचा असेल किंवा नवा आवश्यक पॅरामीटर जोडायचा असेल, तर ते तारा बसल्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये करा.